वॅटचा कार्पेट एरिया

मध्यमवर्गीय मराठी घरात पाहुण्याने न विचारता दोन आकडे सांगितले जातात. एक फ्लॅटचा आणि दुसरा म्युझिक सिस्टिमचा. फ्लॅटचा सांगताना यजमान सुपर बिल्टअप सांगतो; त्यात जिना असतो, लिफ्टचा खड्डा असतो, वॉचमनची खोली असते आणि बिल्डरने अजून न बांधलेलं क्लब हाउसही असतं. म्युझिक सिस्टिमचा आकडासुद्धा सुपर बिल्टअपच असतो. फक्त त्याला पीएमपीओ म्हणायची रीत आहे.

नव्वदच्या दशकात ज्यांनी हप्त्यांवर डेक घेतला, त्यांच्या डोळ्यांसमोर ही अक्षरं अजून चमकत असतील. स्पीकरच्या जाळीवर चंदेरी स्टिकर, त्यावर ४०० वॅट. पुढच्या दिवाळीला दुकानात तेच मॉडेल, तेच स्पीकर, तीच जाळी, आणि आकडा १०००. आत काय बदललं हे कुणी विचारत नसे, कारण स्टिकर बदललेलं सगळ्यांना दिसत होतं. ते स्टिकर काढायचंही नसे. सोफ्यावरचं प्लास्टिक एक वेळ निघायचं, पण डेकवरचे वॅट निघायचे नाहीत.

पीएमपीओ म्हणजे पीक म्युझिक पॉवर आउटपुट. यंत्राच्या अंगातून आयुष्यात कधीतरी, सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरती, सगळे ग्रह अनुकूल असताना जेवढी ताकद निघेल असं कंपनीला मनापासून वाटतं, तेवढे वॅट. ते मोजायचे कसे याचं सर्वमान्य प्रमाण कधी ठरलंच नाही, त्यामुळे कुणाचं मोजमाप चुकलं असंही कधी झालं नाही. खरा आकडा त्याच डेकच्या पाठीवर, भिंतीकडे तोंड करून, बारीक अक्षरांत बसलेला असे: पॉवर कन्झम्प्शन २५ वॅट. म्हणजे एमएसईबीकडून पंचवीस घ्यायचे आणि समोरून हजार द्यायचे. हे खरंच जमत असतं तर कोयनेचं धरण बांधायची गरजच नव्हती. पोफळीला एक डेक ठेवला असता तरी भागलं असतं. आणि लाइट गेले की तोच डेक आठ मोठ्या सेलवर चालायचा. तेव्हाही हजार वॅट कायम.

अमेरिकेत हा खेळ आपल्या आधी खेळून झाला होता. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली नियम केला की घरगुती अ‍ॅम्प्लिफायरचे वॅट जाहिरातीत छापायचे असतील तर तो आधी एक तृतीयांश ताकदीवर तासभर चालवा, चांगला तापू द्या, आणि मग सलग जेवढे वॅट देता येतील तेवढेच सांगा. त्या एका तासात बऱ्याच आकड्यांना घाम फुटला असणार. हा वॅटचा कार्पेट एरिया. दुकानात त्याला आरएमएस म्हणतात, आणि ग्राहकाने खोदून विचारल्याशिवाय सांगत नाहीत. आपल्याकडे फ्लॅटसाठी रेरा आला. अ‍ॅम्प्लिफायरची अजून वाट बघायची आहे.

हे सगळं मला आमच्या भाऊजींमुळे शिकावं लागलं. भाऊजी बँकेतून निवृत्त झाले आणि आता शांतपणे गाणं ऐकायचं असं त्यांनी ठरवलं. घरात त्या दिवसापासून शांतता नाही. त्यांनी पहिल्यांदा स्पीकर आणले, बुकशेल्फ नावाच्या जातीचे. या स्पीकरचं वैशिष्ट्य असं की ते पुस्तकांच्या कपाटात ठेवले की वाईट वाजतात, म्हणून त्यांना वेगळे स्टँड घ्यावे लागतात, आणि स्टँडसकट ते जमिनीवरच्या मोठ्या स्पीकरएवढीच जागा अडवतात. स्पीकरच्या पाठीवर लिहिलं होतं १०० वॅट.

"शंभर म्हणजे बिल किती वाढेल?" ताईने विचारलं.

"अगं, हे स्पीकर शंभर वॅट देतात," भाऊजी म्हणाले. "खात नाहीत."

दोघांचंही चुकलं होतं. स्पीकर वॅट देत नाही आणि स्वतःहून मागतही नाही. तो फक्त सोसतो. पाठीवरचा शंभर हा त्याच्या सहनशक्तीचा आकडा आहे: इथपर्यंत घाला, त्यापुढे माझी व्हॉइस कॉइल जळेल. बरं, जे घालाल त्याचा तो आवाज करतो म्हणावं तर तेही नाही. घरगुती स्पीकरमध्ये शिरलेल्या विजेच्या हजार भागांपैकी चार-पाच भागांचा आवाज होतो. उरलेल्या नऊशे पंच्याण्णव भागांत ती कॉइल गरम होते. म्हणजे स्पीकर ही मुळात एक शेगडी आहे आणि तिला गाण्याचं अंग आहे.

खरा महत्त्वाचा आकडा त्याच स्टिकरवर, शंभराच्या खाली, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा बसलेला असतो. त्याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात. एक वॅट दिला आणि एक मीटरवर उभं राहून मोजलं तर किती डेसिबल आवाज येतो, एवढंच तो सांगतो. भाऊजींच्या स्पीकरचा होता ८५. आता डेसिबलचा हिशोब बँकेतल्या माणसालाही चक्कर आणणारा आहे. तीन डेसिबल वाढवायचे तर वॅट दुप्पट लागतात. दहा वाढवायचे तर दहापट. आणि दहापट वॅट ओतल्यावर कानाला काय वाटतं? आवाज साधारण दुप्पट झाला. एवढं चढं व्याज घेणारा सावकार पूर्वी सावकारी कायद्याने घालवला असता. कानाला मात्र कायदा लागू नाही.

याचा अर्थ असा की ८५ डेसिबलच्या स्पीकरला जे काम करायला पन्नास वॅट लागतात, तेच काम ९७ डेसिबलचा स्पीकर तीन-सव्वातीन वॅटमध्ये करून मोकळा होतो. मग ९७ वाले का घेत नाहीत? कारण ते फ्रिजएवढे असतात. लहान खोकं, खोल बेस आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज या तीन गोष्टींपैकी दोनच मिळतात; तिसरी मागितली की भौतिकशास्त्र आडवं येतं. बायकांना लहान खोकं हवं असतं आणि पुरुषांना खोल बेस. म्हणून जगातल्या सगळ्या दिवाणखान्यांत वॅट कमी पडतात. या विषयावरच्या जाड पुस्तकांत हे कारण मी वाचलेलं नाही, पण मला ते पुरेसं वाटतं.

जुन्या वाड्यांत व्हॉल्व्हचा रेडिओ असायचा. त्याच्या पोटात एक आउटपुट व्हॉल्व्ह, निघून निघून चार-पाच वॅट निघायचे. पण पुढे कागदाचा हलका, ऐसपैस कोन, आणि लाकडी पेटी. बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची गीतमाला लागली की एका रेडिओवर अख्खा वाडा ऐकायचा. वरच्या माडीवरचे भाडेकरू कठड्याला टेकून, खालचे ओट्यावर. कुणी पीएमपीओ विचारला नाही. आता त्याच जागी सात मजली इमारत आहे, प्रत्येक फ्लॅटमध्ये शेकड्यांनी वॅट आहेत, आणि सगळे कानांत बोंडं घालून बसलेले आहेत.

तर भाऊजींकडे स्पीकर आले आणि त्यांना जोडायला होता जुना, पंचवीस वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर. सोसायटीतल्या जाणत्या मंडळींनी कौल दिला की ही जोडी उत्तम. स्पीकर शंभर सोसतो, अ‍ॅम्प्लिफायर पंचवीसच देतो, म्हणजे जळायची भीतीच नाही. हे तर्कशास्त्र इतकं सरळ आहे की ते बरोबर असायला हवं होतं.

घरात ते बरोबर होतंही. हिशोब करून पाहा. हॉल दहा बाय पंधरा, सोफा स्पीकरपासून आठ फुटांवर. तिथे सरासरी ७५ डेसिबल आवाज म्हणजे ऐकायला भरपूर. त्यावर बोलायचं तर आवाज चढवावा लागतो, आणि आमच्या ताईचा तो चढतोच. या ७५ साठी भाऊजींच्या स्पीकरला लागत होता अर्धा वॅटही नाही. मी हे त्यांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. आयुष्यभराची पुंजी मोजून आणलेल्या स्पीकरमधून आपण अर्ध्या वॅटाचं गाणं ऐकतो, हे कुणालाही सहन होणार नाही. मग मी त्यांना तबल्याचं सांगितलं आणि ते जरा सावरले.

गाणं सरासरीवर चालत नाही. तानपुरा एका पातळीवर गुंजत राहतो, गवई विलंबित लयीत स्वर लावून बसलेला असतो, सगळं मिळून अर्ध्या वॅटात भागतं. आणि समेवर तबलजी ‘धा’ मारतो. तो ‘धा’ सरासरीच्या वीस डेसिबल वर उसळू शकतो. वीस डेसिबल म्हणजे शंभरपट. अर्ध्या वॅटचे पन्नास वॅट, तेही डोळ्याची पापणी लवायच्या आत, आणि लगेच परत अर्ध्यावर. अ‍ॅम्प्लिफायरची सगळी श्रीमंती त्या एका क्षणासाठी असते. ती नसेल तर तबला वाजतो, पण पुठ्ठ्याच्या खोक्यावर थाप मारल्याचा वाजतो.

गंमत अशी की यात नेमकं उलटं घडतं. हल्लीची धडाधडा गाणी मुद्रित करतानाच दाबून सपाट केलेली असतात. त्यांच्यात मोठं आणि त्याहून मोठं एवढाच फरक उरतो. तितक्याच सरासरी आवाजात त्यांना लहान अ‍ॅम्प्लिफायर पुरतो. आणि हळू आवाजात यमन ऐकणाऱ्या, सोसायटीतल्या सगळ्यांत गरीब माणसाला मोठा अ‍ॅम्प्लिफायर लागतो. हे पटवून देऊन मी भाऊजींचं मन जिंकलं आणि ताईचं कायमचं गमावलं.

पण मोठा अ‍ॅम्प्लिफायर यायच्या आधी पुतण्याची हळद आली. स्पीकर गच्चीवर गेले, सोबत पंचवीस वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर. हॉलमध्ये चार भिंती आणि छत आवाज परत फेकून मदत करतात. गच्चीवर मदतीला फक्त पाण्याची टाकी. आवाज पुरेना. व्हॉल्यूमच्या बटणावर पुतण्याचा मित्र बसला होता. तो म्हणाला, "अजून अर्धा बाकी आहे." सगळ्या अनर्थाचं मूळ हे वाक्य आहे. बटण अर्ध्यावर आहे म्हणजे ताकद अर्धी वापरली असा त्याचा अर्थ होत नाही. मोबाइलमधून जोरकस गाणं येत असेल तर घड्याळातल्या बाराच्या खुणेआधीच अ‍ॅम्प्लिफायरची पुंजी संपते. पुढचं सगळं उधारीवर.

उधारी सुरू झाली की अ‍ॅम्प्लिफायर लाटांचे शेंडे छाटायला लागतो. त्याला क्लिपिंग म्हणतात. छाटलेल्या लाटेतून मूळ गाण्यात नसलेले वरचे सूर जन्माला येतात आणि सरासरी ताकद चढत जाते. ही भर जाते कुणाच्या वाट्याला? ट्विटरच्या. वूफर दांडगा असतो, त्याची कॉइल जाड. ट्विटरची कॉइल केसासारखी. स्पीकरवरच्या शंभर वॅटांपैकी त्याच्या एकट्याच्या वाट्याचे जेमतेम काही. शंभर सोसणारा स्पीकर पंचविसाच्या अ‍ॅम्प्लिफायरने मारला, आणि शंभराचा असता तर तो त्याच आवाजात आरामात गायला असता. अर्थात शंभराच्या अ‍ॅम्प्लिफायरवर तोच मित्र बसला असता तर त्याने वूफरही मारला असता. अ‍ॅम्प्लिफायर सहसा मारत नाही. मनगट मारतं.

ट्विटर मरताना आवाज करत नाही. ना ठिणगी, ना धूर. हळद झाली, लग्न झालं, स्पीकर घरी आले, आणि पुढचे काही महिने भाऊजी आल्यागेल्याला सांगत राहिले की स्पीकर आता छान रुळले, आवाज कसा मऊ झालाय बघा, अगदी जुन्या रेडिओसारखा. पाहुणेही माना डोलवायचे. एका आषाढात ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, अभंगातले टाळ कुठे गेले?"

टाळ गेले होते गच्चीवरच.

मग आम्ही दोघं बुधवार पेठेत तापकीर गल्लीत गेलो. पुण्यात ज्याला दोन तारा जोडायच्या आहेत तो आयुष्यात एकदा तरी या गल्लीत येतोच. मुंबईकर लॅमिंग्टन रोडला जातात आणि आमच्याकडे काही मिळत नाही असं समजतात, समजू द्यावं. गल्लीच्या टोकाला पहिल्या मजल्यावर एक वयस्कर कारागीर बसतात. समोर उघडे ट्रान्सफॉर्मर, हातात सोल्डरिंगचा काविया, कपाळावर चष्मा. ट्विटर बदलून देता देता त्यांनी भाऊजींची मुलाखत घेतली.

"हॉल केवढा?"

"दहा बाय पंधरा."

"सोफा भिंतीला चिकटून?"

"हो."

"म्हणजे बेस आपोआप वाढतोय. खाली कोण राहतं?"

"एक आजी."

"ऐकू येतं त्यांना?"

भाऊजी गप्प झाले. त्यांना आजवर भेटलेल्या एकाही विक्रेत्याने हा प्रश्न विचारला नव्हता, आणि मला विचाराल तर जोडी जुळवताना हा पहिला प्रश्न असला पाहिजे.

कारागिरांनी मग दोन अ‍ॅम्प्लिफायर समोर ठेवले आणि उचलून बघायला सांगितले. एकावर २०० लिहिलं होतं, तो एका बोटावर तोलत होता. आत ४४४० नावाची आयसी. सॅनियोच्या स्वतःच्या कागदानुसार दोन बाजूंना सहा-सहा वॅट, आणि जोडून लावली तर एकोणीस. दुसऱ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं आणि तो उचलताना भाऊजींच्या कमरेत लचक भरली. आत ताटलीएवढा गोल ट्रान्सफॉर्मर. "वाचू नका," कारागीर म्हणाले, "उचला." हा नियम त्यांनी चाळीस वर्षं पाळला असेल. पण तोही आता डळमळीत झालाय. क्लास डी जातीचे नवे अ‍ॅम्प्लिफायर तळहाताएवढे असतात, विजेचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग स्पीकरपर्यंत पोचवतात आणि उचलताना कमरेला कळतही नाहीत. चीनहून येणाऱ्या त्या डब्यांवर ३०० लिहिलेलं असतं. सोबतच्या अडॅप्टरवर मात्र २४ व्होल्ट, ४ अँपिअर. गुणाकार आपण करायचा. शहाण्णव वॅट आत जातात, तीनशे बाहेर येतात, पोफळीचा डेक काही संपलेला नाही.

भाऊजींनी मात्र दोन्ही नाकारले, कारण त्यांना नाव हवं होतं. मग आम्ही एका वातानुकूलित दालनात गेलो. तिथे पायात खरोखरीचं कार्पेट होतं. हिंदुस्थानातल्या कुठल्याही हाय-फाय दुकानात गेलात तर ते तुम्हाला ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ ऐकवतात, आणि तेही ईगल्सने १९९४ साली प्रेक्षकांसमोर वाजवलेलं. सुरुवातीला गिटार, मग पोटात बसणारा ड्रम, आणि गिऱ्हाइकाचा हात पाकिटाकडे. भाऊजींना इंग्रजी गाणं एकही आवडत नाही. पण ड्रमचे ते ठोके त्यांनी डोळे मिटून ऐकले. विक्रेत्याने आधी साठ वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर वाजवला, मग शंभराचा. शंभराचा स्पष्टच उजवा वाटला. तो किंचित मोठ्या आवाजात लावला होता, हे मी बघितलं. दोन आवाजांतला एखाद-दीड डेसिबल मोठा आवाज माणसाच्या कानाला मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. या धंद्याचं निम्मं भांडवल हेच आहे. साठ आणि शंभर यांत प्रत्यक्ष फरक पडतो सव्वादोन डेसिबलचा. त्या सव्वादोन डेसिबलची किंमत सांगत नाही. ताई हा लेख वाचेल.

घरी आल्यावर शंभर वॅटचा तो अ‍ॅम्प्लिफायर जोडला आणि भाऊजींनी पहिली लावली ती बालगंधर्वांची जुनी तबकडी. कुणीतरी स्वच्छ करून दिलेली. ही मुद्रणं विजेचा मायक्रोफोन यायच्या आधीची. गायक कर्ण्यात तोंड घालून गायचा आणि त्याच्या आवाजाच्या धक्क्याने सुई मेणावर रेघ ओढायची. मधे तार नाही, सॉकेट नाही. ज्या स्वराला मुद्रित व्हायला एक वॅटही लागला नाही, त्याला ऐकायला आता एका बाजूला शंभर आणि दुसऱ्या बाजूला शंभर वॅट सज्ज होते. स्वर बारीक, खरखरीत आणि सुंदर आला. पूर्वीही तसाच यायचा. "फरक कळतोय ना?" भाऊजींनी विचारलं. मी हो म्हणालो. मला त्यांच्याकडे जेवायचं होतं.

नंतरची भानगड ओहमची. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे ए आणि बी अशा दोन जोड्यांची सोय असते. ताईने रास्त मागणी केली की एवढे वॅट आहेत तर स्वयंपाकघरातही अभंग लागू दे. आठ ओहमची एक जोडी तिथे गेली. दोन आठ मिळून चार झाले. मग भाऊजींना गॅलरीत चहा घेताना नाट्यसंगीत हवं झालं. तिसरी जोडी त्याच तारांना गुंडाळली, आणि ओहम पावणेतीनच्या खाली आले. माणसाला वाटतं स्पीकर वाढले म्हणजे अडथळा वाढला. उलट असतं. जेवढे फाटे काढाल तेवढी वाट मोकळी, आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या अंगातून तेवढा जास्त प्रवाह ओढला जातो. वर मे महिना. आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या वरच्या बाजूला, उष्णता बाहेर पडावी म्हणून ज्या फटी ठेवलेल्या असतात त्यांच्यावर, धूळ जाऊ नये म्हणून क्रोशाचा रुमाल. रुमालावर फुलदाणी. मराठी घरात कुठलीही सपाट जागा उघडी राहत नाही, याची जपानमधल्या इंजिनिअरना कुणी कल्पनाच दिलेली नाही.

आरोहात कुठेतरी ‘टक्’ असा आवाज व्हायचा आणि गाणं थांबायचं. भाऊजी म्हणायचे गवयाने विराम घेतला. दहा मिनिटांनी थंड होऊन परत सुरू व्हायचं. हे संरक्षणाचं सर्किट होतं आणि ते त्या घरातलं एकमेव शहाणं माणूस होतं. शेवटी गॅलरीची जोडी निघाली आणि फुलदाणी फ्रिजवर गेली. रुमाल अजून तिथेच आहे, पण आता तो घडी घालून मागच्या बाजूला ठेवतात.

आजींचं सांगायचं राहिलं. बेसची एक लाट, ४० हर्ट्झची, लांबीला साडेआठ मीटर असते. भाऊजींचा हॉल लांबीला साडेचार मीटर. उरलेली लाट कुठे जाते हे आजी सांगू शकत होत्या. त्या कधी भांडल्या नाहीत. लिफ्टमध्ये भेटल्या की एवढंच म्हणायच्या, "काल मारवा होता ना? तबला ऐकू आला हो. गाणारं कोण होतं ते काही कळलं नाही." निवासी भागात दिवसा पंचावन्न आणि रात्री पंचेचाळीस डेसिबल अशी मर्यादा नियमांत लिहिलेली आहे, रात्र म्हणजे दहा ते सहा. पण आजींच्या त्या एका वाक्यानंतर भाऊजींनी बटण घड्याळातल्या नऊच्या पुढे कधी नेलं नाही. सात ते नऊ. एवढ्या पट्टीत त्यांचं सगळं संगीत बसलं. नऊच्या पुढचा मुलूख त्यांनी पाहिलेलाच नाही. आहे हे माहीत असणं त्यांना पुरतं, आणि खरं सांगायचं तर तबल्याच्या समेलाही तेवढंच पुरतं.

गेल्या महिन्यात त्यांच्या मनाने घेतलं की दीडशे वॅटचा घ्यावा. हा विकावा. जाहिरातीत त्यांनी लिहिलं: एकहाती वापर, धूळमुक्त, व्हॉल्यूम नऊच्या पुढे कधीही नेलेला नाही. गाडीच्या जाहिरातीत कमी किलोमीटर लिहितात त्याच अभिमानाने. दुसऱ्याच दिवशी एक तरुण पोरगा आला. त्याने अ‍ॅम्प्लिफायर उचलून पाहिला, पाठीमागे वाकून सगळी भोकं मोजली आणि विचारलं, "काका, माइक कुठे लावायचा?"

"कसला माइक?"

"आमच्या मंडळाच्या आरतीला पाहिजे."

भाऊजींनी त्याला शांतपणे समजावलं की हे गाणं ऐकायचं यंत्र आहे, याला माइक लागत नाही, हे मांडवात न्यायचं नसतं, आणि मोठ्या आवाजात तर अजिबात लावायचं नसतं. पोरगा मनापासून गोंधळला.

"मग एवढ्या वॅटचं तुम्ही करता तरी काय, काका?"

भाऊजी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात आतून ताई म्हणाली, "पुसतात."